कोहळ्यासाठी बत्तीस बोर

मी रिव्हॉल्वर विकत घेतलं ते कोहळा फोडण्यासाठी.

लायसनच्या अर्जात अर्थातच असं लिहिलं नव्हतं. अर्जात लिहिलं होतं की माझं वाडीला ट्रान्सपोर्टचं बुकिंग ऑफिस आहे, दिवसभराचा गल्ला बॅगेत घालून संध्याकाळी अमरावती रोडने एकट्याला घरी यावं लागतं आणि जिवाला धोका आहे. अर्ज केला तेव्हा हे खरंही होतं. पण कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरून, पोलीस चौकशी होऊन, लायसन हातात पडेपर्यंत सगळे व्यापारी भाडं फोनवरून पाठवू लागले. आता माझ्या बॅगेत जेवणाचा रिकामा डबा आणि बीपीच्या गोळ्या असतात. त्यांच्यासाठी माझा कोणी खून करेल असं मला वाटत नाही, आणि करायला आलाच तर मी स्वतःहून डबा पुढे करेन.

खरं कारण होतं माझी सासरवाडी.

सासरवाडी मौद्याकडची. घरची शेती, भरलेलं घर, अंगणात उभं राहिलं की धानाच्या बांध्यांपलीकडे वीज केंद्राची धुराडी दिसतात. त्या घरात नवरात्रातल्या नवमीला शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं म्हणजे विळे, कुऱ्हाडी, कोयते, नांगराचा फाळ, आणि अलीकडे ट्रॅक्टरची चावी. पूजा झाली की देवीपुढे बळी म्हणून कोहळा फोडायचा. तो फोडायचा मान जावयाचा. कोयत्याच्या एका घावात दोन तुकडे झाले पाहिजेत, अशी रीत. मग त्या जावयाला दुपट्टा-टोपी, पहिला टिळा, पहिलं पान आणि पुरणावर तुपाची पहिली धार.

लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला तो मान माझ्याकडे आला. मी बाह्या सारल्या, कोयता उचलला, आणि घाव घालण्याआधी दोन शब्द बोललो. ही माझी जुनी खोड आहे. आमचं घराणं मराठी फौजेबरोबर नागपुरात आलेलं आहे, तेव्हा शस्त्र आमच्या हाताला नवीन नाही, असं काहीतरी मी म्हणालो. (फौजेत आमचे पूर्वज हत्तींच्या चाऱ्याचं काम बघत. तलवार आमच्यात कोणी उचलली असेल तर ती वाटेतून बाजूला करायला.) मग मी घाव घातला. कोहळ्याच्या सालीवर पांढरी भुकटी असते, ती फार गुळगुळीत असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कोयता घसरला, कोहळा उडाला, अंगणभर गडगडत गेला आणि बैलांच्या पाण्याच्या टाक्यात पडला. तिथे तो तरंगत राहिला. बैलाने त्याला हुंगलं आणि तोंड फिरवलं.

पुढच्या वर्षी धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. माझा साडू भंडाऱ्याला ट्रॅक्टर विकतो. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे आहेत. त्याने एक शब्द न बोलता कोहळ्याचे दोन तुकडे केले, आणि तेव्हापासून तो मान त्याचा झाला. कोणी मला कधी काही म्हटलं नाही. उलट दरवर्षी नवमीला सासरे मला जवळ बसवून घेत आणि म्हणत, "तुमी बसा जवाईबुवा, तुमाले कंबरेचा त्रास आहे." मला कंबरेचा त्रास नव्हता. तो त्या घरानेच माझ्या सोयीसाठी शोधून काढला होता. तीस वर्षं मी तो दुसऱ्याने माझ्याकडे ठेवलेल्या सामानासारखा वापरत आलो.

आता सासरे थकले आहेत. खाटेवरून उठणं कमी झालंय. ते आहेत तोवर एकदा तरी तो कोहळा मी फोडायचा, हे माझ्या डोक्यात बसलं. कोयत्याने जमणार नाही हे मला पुरतं ठाऊक होतं. मग एक दिवस लायसन समोर पडलेलं दिसलं आणि वाटलं, कोयताच कशाला?

बंदुकीच्या दुकानदाराने भला सल्ला दिला होता. नवीन देशी घ्या, चालतं, सुटे भाग मिळतात. मला नवीन नको होतं. मला असं हवं होतं की कंबरेतून काढलं की ते पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरात असावं असं दिसेल. घराण्याची जी वस्तू घराण्यात नव्हती ती मी बाजारातून आणणार होतो. दुकानदाराने खांदे उडवले आणि सिव्हिल लाइन्सच्या मागच्या एका बंगल्याचा पत्ता दिला. तिथे एक म्हातारा माजी जंगल ठेकेदार आपलं जुनं विलायती रिव्हॉल्वर विकणार होता.

त्या बंगल्याचा वास मला आजही अधूनमधून येतो. डांबरगोळ्या, मांजराचा मूत आणि बंद खोलीत वाळलेला खोकला. भिंतीवर सांबराची मुंडकी होती. त्यांना कसर लागली होती, नाकावरचं कातडं उलून आतला भुसा दिसत होता. एकाचा काचेचा डोळा पडला होता आणि त्या खोबणीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. तिची ये-जा चालू होती. म्हातारा लुंगीवर बसला होता. मांडीजवळ पिकदाणी. दर वाक्याला तो तिच्यात थुंकायचा, आणि वाक्यं लहान होती.

"किसलिए चाहिये? जनावर मारता?"

"नाही. असंच. घरी असावं म्हणून."

"अच्छा आहे. शौक पाहिजे माणसाले."

त्याने बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडला. आत एका पिवळ्या पडलेल्या बनियनमध्ये ते गुंडाळलेलं होतं. बनियनला एरंडेलाचा वास, आणि एरंडेलाच्या खाली माणसाचा. रिव्हॉल्वर लहानसं होतं, बत्तीस बोरचं, मधून मोडून उघडणारं, तळहातावर मावेल असं. आणि त्याला शिंपल्याची मूठ होती. उजेडात फिरवली की तिच्यातून गुलाबी, हिरवा, मोरपिशी असे रंग सरकायचे. म्हाताऱ्याने अंगठ्याला थुंकी लावली आणि मूठ पुसून माझ्या हातात दिली.

ओली होती. मी ती ओली मूठ धरली, आणि सोडली नाही. इथेच मला घरी परत यायला हवं होतं.

"नळी पाहून घ्या," तो म्हणाला. "चक्री फिरवून पाहा. घोडा ओढून पाहा."

"बघायचं काय त्यात," मी म्हणालो. "हातात घेतलं की कळतं."

बैल घेताना लोक दात बघतात, खूर बघतात, दोन पावलं चालवून बघतात. मी नुसती झूल बघून बैल घेतला.

"तुम्ही चालवलंय ना हे?" जाताना मी विचारलं.

"गरजच नाही पडली," म्हातारा म्हणाला. "दाखवलं का काम होते." आणि त्याने खूश होऊन आपलं चामडी होल्स्टर मला फुकट दिलं. ते घामाने काळं पडलेलं होतं, आतून थोडं चिकट. फुकट मिळतंय म्हणून मी तेही घेतलं.

दुकानदाराच्या मार्फत कागद झाले, नोंदी झाल्या, काडतुसं मिळाली. काडतुसं देताना त्याने सांगितलं की समारंभात, लग्नात, वरातीत गोळी झाडणं हा गुन्हा आहे. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली. मान हलवताना माझ्या डोळ्यांसमोर कोहळा होता.

घरी आणल्यावर मी त्याची पूजा करायची ठरवली. आमच्याकडे नवी वस्तू आली की पूजा होते. स्कूटरची झाली, फ्रिजची झाली, पाण्याच्या मोटरची झाली. बायकोने ताट तयार केलं आणि पाटावर ठेवलेल्या त्या वस्तूकडे बघत उभी राहिली.

"लिंबू कशाखाली ठेवू जी?" ती म्हणाली. "याले चाकं तर नाहीत."

"चेष्टा करू नको. शस्त्र आहे."

"मग हार कुठून घालू? नळीतून का मागून?"

हळद-कुंकू, अक्षता, फूल एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचं बरंच टळलं असतं. पण माझ्यातला चाऱ्याचा कारकून जागा झाला होता आणि त्याला सेनापती व्हायचं होतं. मी म्हणालो, अभिषेक करायचा. दूध, दही, तूप, मध, साखर. मी पळी पळीने पंचामृत घातलं आणि ते सगळीकडून नीट आत गेलं. मग टॉवेलने बाहेरून पुसलं, शिंपल्याची मूठ चमकवली, होल्स्टरमध्ये घातलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात मित्रांना कळलं. कळलं म्हणजे मीच फोन करून सांगितलं. पाच-सहा जण आले; सगळे शिकलेले, पेन्शनीत गेलेले किंवा जायला टेकलेले, गुडघ्यांचे आणि साखरेचे रुग्ण. सोफ्यावर बसून त्यांनी ते हातोहात फिरवलं. रिकामं आहे हे मी दाखवलं होतं, तरी प्रत्येकाने आधी ते नाकाशी नेलं, मग वजन केलं, मग एक डोळा मिटून कुठेतरी धरलं. आणि मग काय झालं कोण जाणे, एकाने नाव घेतलं. त्याच्या घराशेजारच्या माणसाचं. गाडी फाटकासमोर लावतो म्हणून. "एक बार सिर्फ दाखवाची आहे त्याले," तो म्हणाला. सगळे हसले. दुसऱ्याने सख्ख्या भावाचं नाव घेतलं, प्लॉटवरून. तिसऱ्याने आपल्या सुनेच्या बापाचं. नावं सांगताना त्यांचे चेहरे मऊ आणि तुकतुकीत होत होते, जसे जेवणाच्या पानावर होतात. एकाच्या ओठाच्या कोपऱ्यात चिवड्यातली शेव अडकली होती आणि तो भावाच्या कपाळाबद्दल बोलत होता.

मला शिसारी आली. मी त्यांना कसंबसं वाटेला लावलं. पण फाटक लावून परत येताना लक्षात आलं की माझं बोटही हवेत वाकलेलं होतं, आणि त्या बोटापुढे माझा साडू उभा होता, हातात कोयता, गळ्यात दुपट्टा. त्या बिचाऱ्याने तीस वर्षांत मला एक वाकडा शब्द बोललेला नाही. ट्रॅक्टरच्या किमतीतसुद्धा माझ्या ओळखीच्यांना सूट देतो.

यानंतर तरी शहाणपण यावं की नाही? मी ते कंबरेला लावायला लागलो. वाडीला जाताना शर्टाच्या आत, उजव्या बाजूला. काही दिवसांत माझी चाल बदलली. मी चहाच्या टपरीवर पाठ भिंतीला लावून बसू लागलो. हमालांशी बोलताना कमरेवर हात ठेवू लागलो. आमचा जुना हमाल एकदा म्हणाला, "साहेब, पोट दुखून राहिलं काय?"

मग खरोखरच तिथे काहीतरी सुरू झालं. नागपूरचा भादवा, अंगाला चिकटलेलं ते चामडं, वरून शर्ट, त्यावरून पट्टा. आधी खाज आली. मग लाल चट्टा. मग त्या चट्ट्याची कड वर उचलली गेली आणि तो गोल गोल पसरत बेंबीकडे निघाला. मी लोकांदेखत खाजवायचो, आणि मला वाटायचं की लोक समजत असतील, हा हत्यार चाचपतोय.

त्वचेच्या डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी दुरून बघितलं, हातमोजे घातले आणि मग जवळून बघितलं.

"नायटा आहे. इथे काही बांधता का?"

"पट्टा," मी म्हणालो.

"तुमचाच पट्टा आहे का?"

तो नायटा म्हाताऱ्याचा होता, किंवा म्हाताऱ्याच्या बापाचा. घराण्यातून आलेली वस्तू हवी होती ना, ती मिळाली. मला त्याच्या लुंगीवरून फिरणारा हात आठवला, पिकदाणी आठवली, आणि मी डॉक्टरांच्या टेबलाची कड घट्ट धरली.

होल्स्टर मी काठीने उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. आता रिव्हॉल्वर नुसतंच कपाटात राहिलं, आणि नवमीच्या आधल्या आठवड्यात मी ते बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या नळीतून मुंग्या येत होत्या.

लाल मुंग्या, शिस्तीत, एकामागे एक. त्या नळीच्या तोंडातून बाहेर पडून माझ्या धुतलेल्या बनियनांवरून कपाटाच्या फटीकडे चालल्या होत्या, आणि दुसरी रांग परत आत शिरत होती. मी रिव्हॉल्वर मोडून उघडलं. नासक्या दह्याचा वास आला आणि त्यामागून तुपाचा खवट. चक्रीच्या घरांमध्ये पिवळा, चिकट, दाणेदार गोळा जमला होता आणि तो हलत होता. मुंग्यांची अंडी होती त्यात. मी ते मोरीवर नेऊन झटकलं, फुंकलं, काडीने कोरलं. जुना टूथब्रश आणि खोबरेल तेल घेऊन घासलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"ब्रश कोणाचा आहे तो?"

"जुना आहे."

"जुना तुमचा मोरी घासाले ठेवला आहे. तो निळा. हा हिरवा आहे."

मी हातातल्या ब्रशकडे बघितलं. हिरवा. सकाळी मी कोणत्या ब्रशने दात घासले होते, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही, आणि आजही करत नाही.

"नेऊ नका जी थे तिकडं," ती हळू आवाजात म्हणाली. "कोणी काही म्हणते काय तुमाले? बाबा किती प्रेमानं जवळ बसवते."

तेच तर. मला जवळ बसायचं नव्हतं.

नवमीला सकाळीच आम्ही पोचलो. अंगण सारवलेलं, दारावर आंब्याचं तोरण, आतून पुरण शिजल्याचा वास. सासूबाई पुरण गोबरगॅसवरच शिजवतात. सिलिंडरच्या गॅसवर त्याला चव येत नाही असं त्यांचं म्हणणं. गोठ्याच्या मागे जुनी टाकी आहे, जमिनीत शेणाच्या काल्याची विहीर आणि तिच्यावर पालथ्या घातलेल्या लोखंडी पातेल्यासारखं झाकण. गॅस भरला की ते झाकण वर येतं. सणासाठी गॅस पुरावा म्हणून चार दिवस तो जपून वापरलेला होता, झाकण चांगलं वर आलेलं होतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्या दिशेला कधी बघितलेलंच नव्हतं, कारण तिकडे वास येतो.

पूजा झाली. साडूने सवयीने बाह्या सारल्या, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो की यंदा कोहळा मी फोडणार. आणि खिशातून रुमालात बांधलेलं रिव्हॉल्वर काढलं.

अंगण शांत झालं. मला हवी होती तशीच ती शांतता होती, निदान सुरुवातीला. सासरे खाटेवर उठून बसले. साडू दोन पावलं मागे सरला आणि त्याने कोयता खाली ठेवला. मला झालेला आनंद मी इथे लिहीत नाही.

"भाऊजी, हे चालते काय इथं?" माझा साळा म्हणाला. तो शेती बघतो, शब्द मोजून बोलतो. "गुन्हा-बिन्हा नाही ना?"

"एकच तर गोळी झाडायची आहे. कोणाला कळतंय."

"अंगणात नको मग. मागं उकिरडा आहे, मऊ आहे, गोळी त्यात जाईन."

सगळे मागे गेले. उकिरड्याच्या पुढ्यात एक मातीचा उंचवटा होता, त्याच्यावर साळ्याने कोहळा ठेवला, कुंकू लावलेला. मी काडतुसं भरून पंधराएक पावलांवर उभा राहिलो. सासऱ्यांची खाट दोघांनी उचलून आणली. बायको लांब गोठ्याच्या कोपऱ्याशी उभी होती आणि माझ्याकडे न बघता एका गाईकडे बघत होती.

"मागं कोणी नाही ना, भाऊजी?" साळ्याने विचारलं. "पाहून घ्या."

"नाही," मी म्हणालो. मी बघितलं नव्हतं. मी कोहळ्याकडे बघत होतो आणि चेहरा कसा ठेवावा याचा विचार करत होतो.

मग दोन शब्द बोललो. मराठी फौज, वगैरे. आणि चाप ओढला.

कट्‌.

पुन्हा ओढला. चाप जड होता, बोट पांढरं पडलं. कट्‌. चक्रीतून खोबरेल तेलाचा एक थेंब माझ्या मनगटावर आला आणि कोपराकडे निघाला. वास यायला लागला, तोच, नासलेल्या दह्याचा.

"सरबत भरलं काय त्याच्यात?" कोणीतरी म्हणालं. हसू आलं, दाबलेलं, आणि दाबलेलं हसू उघड्या हसण्यापेक्षा लांब जातं.

मी काय झालं ते बघायला रिव्हॉल्वर उलटं केलं आणि नळीत डोकावलो. हे लिहिताना मला लिहवत नाही, पण मी खरोखर नळीत डोकावलो, बोट चापावर ठेवून.

"जवाईबुवा," सासरे खाटेवरून शांतपणे म्हणाले, "त्याचं तोंड आधी तिकडं करा."

मी तोंड तिकडे केलं. घाईत केलं, हात अजून वर-खाली होत होता, आणि तेवढ्यात ते उडालं.

आवाज त्या वस्तूच्या मानाने फार मोठा झाला. गाईंनी दावी ताणली. वडाच्या झाडावरून बगळे उठले. कोहळा उंचवट्यावर होता तसाच बसून होता, कपाळावर कुंकू. आणि त्याच्या पलीकडे, डाव्या अंगाला, काहीतरी फुसफुसायला लागलं.

आधी मला वाटलं साप. मग वास आला. सडक्या अंड्यांचा, शेणाचा, पोटातल्या वाऱ्याचा, सगळा एकदम. लोखंडी झाकणाच्या खालच्या कडेला एक भोक पडलं होतं आणि त्यातून हिरवट काळं पाणी फेसासकट जोराने उडत होतं.

त्या झाकणाच्या मागून माझ्या साळ्याची बायको उभी राहिली.

ती टाकीत घालायला शेण कालवत बसली होती. सणाच्या दिवशीही ते करावंच लागतं. कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. तिने आमच्याकडे बघितलं, मग झाकणाकडे, मग परत आमच्याकडे.

"काय पडलं जी?" ती म्हणाली.

साळा तिच्याकडे चालत गेला, पळत नाही, आणि तिच्या अंगावरून, खांद्यांवरून, पाठीवरून हात फिरवून बघितला, जसं आपण काटेरी कुंपणातून आलेल्या जनावराला तपासतो. तिला काही झालेलं नव्हतं. ती आणि गोळी यांच्या मध्ये तो गंजका पत्रा आणि वीतभर शेण होतं. तिला समजलं तेव्हा ती मटकन खाली बसली, शेणातच.

माझ्या हातातलं रिव्हॉल्वर कोणी घेतलं मला आठवत नाही. बहुतेक साडूने. ते मी पुढे दुकानदाराला परत देऊन टाकलं, पण तो विषय इथला नाही. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की ते भोक माझं आहे आणि ते बंद केलं पाहिजे. मी धावत गेलो, काठावर गुडघे टेकले आणि भोकात बोट घातलं. उजव्या हाताचं, तेच. भोकाच्या कडा आत वळल्या होत्या, त्या बोटात रुतल्या. फवारा थांबला, थांबायच्या आधी जेवढा उडायचा तेवढा माझ्या तोंडावर, चष्म्यावर आणि नव्या कुर्त्यावर उडाला होता. एक थेंब ओठांच्या आत गेला. कोमट होता. मग मी ओकलो, बोट न काढता, मान वळवून, जमेल तितक्या बाजूला.

"बोट काढू नका भाऊजी," साळा मागून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच ऐकवत नव्हतं. "मी साबण घेऊन येतो. साबणानं बुजते."

तो गेला. बाकीचे एकेक करून अंगणाकडे परतले. नाकाला पदर आणि रुमाल लावून गेले. खाट उचलल्याचा आवाज आला. मी काठावर गुडघे टेकून राहिलो, बोट आत, तोंडाला माश्या. खाली टाकीत काहीतरी गुडगुडत होतं आणि लोखंडातून ते माझ्या बोटाला कळत होतं. माझ्या मनात तेव्हा पश्चात्तापासारखं काही उदात्त नव्हतं. फक्त स्वतःची घाण वाटत होती, शब्दशः, जशी एखाद्या ओल्या फडक्याची वाटते.

थोड्या वेळाने अंगणातून एकच आवाज आला, खच्‌, आणि कोहळ्याचे दोन तुकडे झाल्यावर बायका ज्या तऱ्हेने "हां" म्हणतात तसा उसासा. मुहूर्त टळू नये म्हणून साडूने उरकून घेतलं होतं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ती तेवढी माझी लाज त्यांनी राखली.

मग चपलांचा आवाज आला. साबण घेऊन साळा आला असेल असं वाटून मी मान वळवली. सासूबाई होत्या. त्या माझ्याशी फारसं बोलत नाहीत. जावयाशी बोलताना डोक्यावरचा पदर पुढे ओढतात आणि दुसरीकडे बघतात. आज त्यांनी पदर पुढे ओढला नाही. हातात पुरणाचं भांडं होतं. त्यांनी ते तिरकं करून मला दाखवलं. डाळ अर्धी शिजली होती, अर्धी दाण्यासारखी टणक, वर पाणी सुटलं होतं.

"शेगडी इझली," त्या म्हणाल्या.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"जवाईबापू, पुढच्या वर्षी तुमी फक्त जेवाले येजा."